घर म्हणजे काय?
(माहुलच्या वसाहतीपासून एक धडा)

विद्यार्थिमित्रांनो, सकाळीं नळ सोडला कीं पाणी येतें. तें कोठून येतें याचा विचार आपण क्वचितच करतों. ठाणें जिल्ह्यांत तानसा नदीवर १८९२ सालीं बांधून पुरें झालेलें धरण आहे. तेथून निघालेले प्रचंड लोखंडी नळ मुलुंड, घाटकोपर, कुर्ला अशीं उपनगरें ओलांडीत मुंबईस पाणी पोंचवितात. या नळांच्या कडेनें गोरगरिबांनीं हळूहळू झोपड्या बांधल्या. कोणी स्वतःच्या, तर कोणी दुसऱ्याच्या झोपडींत भाडें देऊन राहूं लागले. या लोकांचें पुढें काय झालें व त्यापासून आपण कोणता बोध घ्यावा, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

नळाजवळ वस्ती असणें धोक्याचें आहे, हें कोणीहि कबूल करील. नळ फुटला तर झोपड्या वाहून जातील. नळास कोणीं अपाय केला तर साऱ्या शहराच्या जिवावर बेतेल. म्हणून सार्वजनिक हिताच्या एका अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयानें नळाच्या दोन्ही अंगांस दहा दहा मीटर जागा मोकळी करण्याची आज्ञा महानगरपालिकेस दिली. त्या जागेंतून सायकलींचा मार्ग नेण्याची योजनाहि पालिकेनें आंखली. २०१७ सालीं विद्याविहारकडील पुष्कळ झोपड्या पाडण्यांत आल्या. ठराविक तारखेपूर्वीपासून राहत असल्याचा पुरावा ज्यांनीं दाखविला, त्यांस माहुल येथें २२५ चौरस फुटांची खोली मिळाली. भाडेकरूस असा पुरावा जमविणें किती कठीण, हें सांगावयास नकोच.

माहुल हें चेंबूरच्या पलीकडे खाडीकांठीं वसलेलें कोळी लोकांचें जुनें गांव. १९५४-५५ च्या सुमारास त्याच्या शेजारीं तेल शुद्ध करण्याचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. आसपास खतांचा कारखाना, वीजनिर्मितीकेंद्र व रसायनें सांठविण्याच्या टांक्याहि आहेत. तेथील हवेमुळें रहिवाशांच्या आरोग्यास धोका आहे, असा निर्णय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें डिसेंबर २०१५ मध्येंच दिला होता. तरीहि पुढें दोनच वर्षांच्या आंत हजारों कुटुंबें तेथील सात मजली ७२ इमारतींत नेऊन ठेविलीं गेलीं!

अशा ठिकाणीं घरें मुळांत बांधलींच कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर हिशेबांत आहे. विस्थापितांसाठीं घरें बांधून देणाऱ्या बांधकामदारास मोबदला म्हणून शहरांत अन्यत्र अधिक बांधकाम करण्याचा हक्क मिळतो, व तो हक्क विकतांहि येतो. अर्थात् जेथें जमीन स्वस्त, तेथें अशीं घरें उभीं राहतात. आणि जमीन स्वस्त तेथेंच असते, जेथें कोणी आपखुषीनें राहावयास जात नाहीं.

नव्या खोलींत पक्की भिंत होती, संडास होता, जिनाहि होता. परंतु जवळ शाळा नव्हती, रुग्णालय नव्हतें. चार घरचीं धुणींभांडीं करणाऱ्या बायांचीं कामें मागें विद्याविहारास राहिलीं. कित्येक मुलांची शाळा सुटली. खोकला, दमा व त्वचेचे विकार यांच्या तक्रारी घरोघरीं ऐकूं येऊं लागल्या. ८ ऑगस्ट २०१८ रोजीं शेजारच्या तेलाच्या कारखान्यांत स्फोट झाला, तेव्हां तर लोकांचा धीर सुटला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कांहीं कुटुंबें विद्याविहारास परत येऊन पदपथावर धरणें धरून बसलीं. पक्की खोली सोडून मनुष्य रस्त्यावर कां येतो, याचा विचार प्रत्येकानें करावा.

अखेर २३ सप्टेंबर २०१९ रोजीं उच्च न्यायालयानें सांगितलें कीं, कोणासहि बळजबरीनें माहुलास पाठवूं नये. अन्यत्र घर देतां येत नसेल, तर भाड्यासाठीं दरमहा १५,००० रुपये व अनामत म्हणून ४५,००० रुपये द्यावे. पुढें २०२५ सालीं पालिकेनें तेथील रिकाम्या खोल्या आपल्याच नोकरांस विकत देऊं केल्या. पण घेणारे फार थोडे निघाले.

मुंबईस हा अनुभव नवा नाहीं. १८९६ सालीं शहरांत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्यें शहरसुधारणेसाठीं एक ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तींत खेळावा म्हणून त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट व सँढर्स्ट रोड हे रुंद रस्ते पाडले. हेतु उत्तम होता. परंतु जितकीं घरें पाडलीं, तितकीं गरिबांस परवडणारीं घरें वेळेवर उभीं राहिलीं नाहींत. उठविलेले भाडेकरू शेजारच्याच चाळींत दाटीनें शिरले, आणि जी दाटी मोडावयाची तीच तेथें वाढली. तेव्हां गरिबांचीं घरें स्वच्छ हवेसाठीं पाडलीं. आतां तीं स्वच्छ पाण्यासाठीं पाडून गरिबांस वाईट हवेंत धाडलें.

पाण्याचे नळ राखूं नयेत, रस्ते रुंद करूं नयेत, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. सार्वजनिक कामास जागा लागते, आणि ती कोणाला तरी द्यावी लागते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या कामाचा लाभ सर्वांना, त्याचा भार एकट्या गरिबावर पडूं नये. घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत. पायीं जातां येईल अशी शाळा, वेळेवर पोंचतां येईल असें काम, अडीअडचणीस धांवणारा शेजार आणि श्वास घेण्याजोगी हवा हीं सारीं मिळून घर होतें. मनुष्यास हलवावयाचेंच असेल, तर हीं सारीं त्याच्याबरोबर हलतात कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे.

मुलांनो, या सुटींत एक गोष्ट करा. आपल्या आजीआजोबांस विचारा, कीं आपलें कुटुंब मुंबईंत पहिल्यानें कोठें राहिलें, तें घर कां सोडावें लागलें, आणि सोडतांना मागें काय काय राहिलें. त्यांचीं उत्तरें वहींत लिहून ठेवा. पालकांनींहि तीं वाचावीं. पुढें तुमच्यापैकीं कोणी इंजिनियर होईल, कोणी अंमलदार होईल; नकाशावर रेघ ओढण्याची वेळ येईल, त्या दिवशीं ती वही जवळ असूं द्या.