भिंतीतलं मीठ

अगं, रंगांची कार्डं आधी बाजूला ठेव. काल फोनवर पिस्ता घेऊ की फिकट पिवळा असं तू विचारलंस आणि मी गप्प झाले. रंग आवडले नाहीत असं नाही. तू पाठवलेल्या फोटोत मागच्या खोलीची भिंत दिसत होती, तीच मी मोठी करून बघत होते. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पापुद्रे सुटलेत आणि त्यांच्या कडेला कापसासारखी पांढरी भुकटी आलीय. तो लोणा. म्हणजे भिंतीतून बाहेर आलेलं मीठ. ते आत असेपर्यंत पिस्ता लाव नाहीतर केशरी, पुढच्या गणपतीला तो रंग तू फरशीवरून झाडूने गोळा करशील.

आपण दोघी साताऱ्याच्या कोरड्या हवेत वाढलो. भिंत रडते हे आपल्याला कुठून कळणार? लग्न होऊन मी उरणजवळच्या नागावात आले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात साठवलेले सगळे पैसे घालून पुढची खोली रंगवून घेतली. रंगवणारा म्हणाला, चकचकीत ऑइलपेंट मारू, ओल बाहेरच येणार नाही. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "ती भिंत रडते गं," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, जुन्या माणसांचं बोलणं. श्रावणात त्या रंगाला लिंबाएवढे फुगे आले. एक फुगा फोडला तर आतून पाणी ओघळलं आणि मागे गिलाव्याची वाळू. पैसे गेल्याचं वाईट वाटलंच, पण "रडते म्हणजे काय हो?" एवढं त्यांना विचारलं नाही, हे मला आजही लागतं. त्यांनी सगळं सांगितलं असतं. त्यांच्या माहेरी मिठागर होतं, मीठ कधी काय करतं हे त्यांना हवेच्या वासावरून कळायचं.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो ना, तसंच हे आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढतं आणि पाझरायला लागतं. उरणला पावसाचे चार महिने आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. जोत्याखालून चढणारी ओल जमिनीतले क्षार सोबत घेऊन वर येते, शिवाय खारं वारं आहेच. पावसाळ्यात ते मीठ विरघळून भिंतीत पसरतं, दिवाळीनंतर वाळतं आणि वाळताना त्याचे खडे होतात. खडा व्हायला जागा लागते, म्हणून तो गिलावा पुढे ढकलतो. दरवर्षी थोडा थोडा. मी ऑइलपेंट मारला तेव्हा पाण्याची बाहेर पडायची वाट बंद झाली, म्हणून त्याने रंगच उचलला.

तेव्हा आज रात्री एवढंच कर. पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद असतो ना, त्याचा हातभर लांबरुंद तुकडा भिंतीच्या चांगल्या भागावर लाव आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद कर. दोन दिवस हात लावू नकोस. मग काढ आणि बघ. खोलीच्या बाजूला दव असेल तर हवेतली ओल आहे. खिडक्या उघड्या ठेवल्या, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं की निम्मं काम होतं. भिंतीच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतून येतेय. हा कागद लेकीला लावायला सांग. तारीख आणि वेळ तिच्याच हाताने पेन्सिलने कोपऱ्यात लिहून घे. मुलांना घरकामात घ्यायचं तर "फडकं मार" म्हणून बोलावू नये, त्यांच्याकडे एखादा शोध सोपवावा.

ओल भिंतीतून येत असेल, आणि मला वाटतं तसंच निघेल, तर दुकानात जायच्या आधी घराच्या मागे जा. तळमजल्याच्या घरांना बहुतेक वेळा हेच नडतं: मागे कोणीतरी माती, राबिट, कुंड्या टाकून ठेवतं आणि ती रास जोत्याच्या वर चढते. मग पाऊस थेट विटेत जातो. फावड्याने ती माती वीतभर खाली आणली, पाण्याला भिंतीपासून लांब उतार दिला, गच्चीच्या पन्हाळीचा पाइप जिथे फुटलाय तिथे जोडला, तर पुढच्या सगळ्या खर्चाला अर्थ येतो. या कामाला पैसे जवळजवळ लागतच नाहीत, म्हणून ते कोणी सुचवत नाही. पाइप सोसायटीचा असेल तर आधी लेखी अर्ज दे, तोंडी सांगून होत नाही.

मग पापुद्रे खरवडायचे आणि लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा. धुवायचा नाही हं. पाणी मारलंस की मीठ विरघळून परत आत जाईल. झाडलेली भुकटी सुपलीत गोळा करून घराबाहेर टाक, भिंतीच्या बुडाशी नको. तोंडावर ओढणी बांध. आणि मग थांब. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. आत्ता डिसेंबर आहे. ती भिंत मार्चपर्यंत उघडी, कुरूप, तशीच राहू दे. पंधरा दिवसांनी नवा लोणा येईल, तो पुन्हा झाड. सगळ्यांना गणपतीच्या तोंडावर रंग काढायचा असतो, आणि गणपती येतात भर पावसात! उरणातला रंग शिमग्याच्या आगेमागे काढावा. गणपतीला पडदे बदलावेत, दिवे लावावेत.

त्या एका भिंतीला महागडा रंग नको, चुना दे. मी तुला काटकसर म्हणून सांगत नाहीये, चुना तिथे खरोखर बरा. तो सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच होतो, भिंतीचाच भाग होतो आणि ओलीला बाहेर जाऊ देतो. शिवाय त्याच्या तिखटपणामुळे बुरशी सहजी धरत नाही. कळीचा चुना आणून भिजवायचा तर लोखंडी पिंपात, अंगणात, आणि मुलं घरात. पाणी पडलं की तो उकळतो, शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. चष्मा आणि हातमोजे हवेतच. तेवढी धास्ती नको असेल तर भिजवलेल्या चुन्याची तयार पावडर पिशवीत मिळते, तू तीच आण. चष्मा-हातमोजे मात्र तिलाही लागतात. रात्रभर भिजत ठेवून फडक्याने गाळ, दुधाइतका पातळ कर, थोडा डिंक घाल, चिमूटभर नीळ. पुष्कळ ठिकाणी चुन्यात मीठ घालायची रीत आहे, चिकटून बसावा म्हणून. आपल्याकडे नको. भिंतीला त्याची कमी नाही. भिंत जराशी ओलसर करून पहिला हात आडवा, तो वाळला की दुसरा उभा, मग तिसरा. ओला असताना काहीच दिसत नाही, पाणीच फासलंय असं वाटतं. घाबरू नकोस, सकाळी उठशील तेव्हा भिंत पांढरी झालेली असेल. जुना प्लॅस्टिक रंग मात्र पूर्ण निघालेला हवा, त्यावर चुना धरत नाही.

बाकीच्या तीन भिंतींना तुझा पिस्ता खुशाल दे. पण डबा घ्यायच्या आधी हिशेब लेकीकडून करून घे, पाचवीतली आहे, तिला जमेल. दहा बाय बारा फुटांची खोली म्हणजे चारही भिंती मिळून ४४ फूट, उंची नऊ धरली तर ३९६ चौरस फूट. दार-खिडक्यांचे पन्नासेक वजा. चुन्याची बारा फुटांची भिंत वजा, म्हणजे आणखी १०८. उरले २४० च्या आसपास. लिटरभर रंगात दोन हात धरून साधारण ५० ते ६० चौरस फूट होतात, म्हणजे चार ते पाच लिटर. दुकानदार दहा लिटरचा डबा पुढे करेल, स्वस्त पडतो म्हणेल. उरलेला रंग माळ्यावर वाळून जातो, तो स्वस्त कसा?

लोखंडाचं एका दमात सांगते. ग्रिल आणि बिजागऱ्यांवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा, मग गोड्या पाण्याने धुवायचं, कारण लोखंडावर बसलेलं मीठ तसंच ठेवून रंग मारला तर गंज आतून चालू राहतो. कडक उन्हात वाळलं की त्याच दिवशी रेड ऑक्साइड, दुसऱ्या दिवसापासून ऑइलपेंटचे दोन हात. इथे ऑइलपेंट हवाच, लोखंडाला श्वास घ्यायचा नसतो. नवे स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घे. पैसे जास्त जातात, पण साधे स्क्रू इथे दोन पावसाळ्यांत असे धरतात की दार कापून काढावं लागतं.

आता तुझ्या बाल्कनीतल्या बाकड्याचं. इथे उरणची मजा आहे. १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झालं, तेव्हापासून आपल्या रस्त्यांवरून कंटेनर जातात आणि मालाखाली लावलेली लाकडी पॅलेट शेवटी भंगारात येतात. मी तीन पॅलेटांची चपलांची मांडणी आणि अंगणातलं बाकडं केलंय. पण डोळे उघडे ठेवून निवड. परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का असतो, शेजारी देशाची दोन अक्षरं, आकडे आणि शेवटी पुन्हा दोन इंग्रजी अक्षरं. ती एच आणि टी असतील तर लाकूड भट्टीत तापवलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंश आणि अर्धा तास, कीड मरावी म्हणून. एम आणि बी असतील तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते घरात आणू नकोस, जाळूही नकोस. शिक्का नाही, तेलाचे डाग आहेत, उग्र वास येतोय, तर फुकट मिळालं तरी सोडून दे. चांगल्या लाकडाचंही बाकडंच कर, भाजी चिरायचा पाट नको. खिळे काढायचं काम तुझ्या नवऱ्याला दे, पॉलिश पेपर घासायचं मुलीला. वर जवसाच्या तेलाचे दोन हात. आणि तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकायचं नाही, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उघड्यावर पसरून वाळव, मगच फेक.

वेलांसाठी दुकानातली हिरवी जाळी घ्यायला निघाली होतीस ना? करंजा किंवा मोरा बंदरावर जा. कोळणींकडून मासे घेताना गोडीने विचार, "मावशी, फाटलं जाळं आहे का एखादं?" दुरुस्त होण्यापलीकडचं जाळं बहुधा मिळतं. त्याचं मीठ दोन-तीन पाण्यांत धुऊन काढ आणि बाल्कनीत ताठ बांध, ढिलं नको. सैल जाळ्यात पक्षी अडकतात, तळमजल्यावर सापही. माझ्याकडे तसल्या जाळ्यावर तीन वर्षं दोडका आणि कारली चढताहेत. जाळं देणाऱ्या मावशीला पहिला दोडका नेऊन दे.

पडद्यांबद्दल मात्र हळू बोलते. तू म्हणालीस, सासूबाईंच्या ट्रंकेत जुनी लुगडी पडून आहेत, ती कापली तर पडद्यांचा खर्च वाचेल. हिशेब तुझा बरोबर आहे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. सव्वादोन मीटरचे तीन पडदे निघून दीड मीटर उशांच्या अभ्र्यांना उरतं. सुती लुगडं इतक्या वर्षांच्या धुण्याने असं मऊ होतं की त्यातून वारा खेळतो आणि ऊन गाळून येतं. पण कात्री लावायच्या आधी ट्रंक त्यांच्यासमोर उघड. प्रत्येक लुगडं त्यांच्या हातात दे आणि विचार, हे कधीचं? मी माझ्या सासूबाईंना विचारलं तेव्हा दुपारचे चार तास गेले. एक मिठागरावर जाताना नेसायच्या ते, एक नणंदेच्या हळदीचं. एक १९८४ च्या जानेवारीत जासईच्या शेतकरी आंदोलनाला गेल्या होत्या त्या दिवशीचं, ते त्यांनी परत घडी घालून तळाशी ठेवलं. मी काही बोलले नाही. बाकीच्यांतली दोन त्यांनी स्वतः बाजूला काढली आणि म्हणाल्या, "ही फाड." काठ कुठे ठेवायचा तेही त्यांनीच ठरवलं. आज कोणी पाहुणं आलं की पडद्याला हात लावून त्या गोष्ट सांगतात. तळाशी ठेवलेलं लुगडं मी कापलं असतं, तर पडदा झाला असता, पण त्यांना त्या खोलीत बसवलं नसतं. तुझ्या सासूबाई "नको" म्हणाल्या तर नको. बाजारातून कापड आणू.

उरलेल्या चिंध्या फेकू नकोस. थंडी आहे तोवर गोधडीला बसू, चार टाके मी घालते, चार तू.

तर दोन दिवसांनी कागद निघाला की फोटो पाठव, दोन्ही बाजूंचा. रविवारी सकाळी मी येते. फावडं आणि तारेचा ब्रश माझ्याकडे आहे, विकत घेऊ नकोस. जेवणाची खटपट करू नकोस, जवळ्याची चटणी आणि भाकऱ्या घेऊन येते. तुझ्या भिंतीचं सांगितलं तर माझ्या सासूबाईही यायचं म्हणताहेत. गुडघे दुखतात तरी. त्यांच्यासाठी पंख्याखाली खुर्ची ठेव, आणि भिंतीला टेकलेलं ते कपाट त्याआधी पुढे ओढून घे. त्याच्या मागचं त्यांना नीट बघता आलं पाहिजे.