क्वचित दूध काढण्यासाठी पंप कोणता घ्यावा?

प्रश्न : बाळ चार महिन्यांचे आहे. आठवड्यातून एखाद्या वेळी मला दोन-तीन तास बाहेर जावे लागते. तेवढ्यासाठी विजेचा पंप घ्यावा काय?

उत्तर : दररोज अनेक वेळा दूध काढणाऱ्या नोकरदार मातेस, अथवा जिचे अपुऱ्या दिवसांचे बालक रुग्णालयात आहे अशा मातेस, विजेचे यंत्र आवश्यक ठरते; परंतु आपली गरज क्वचितची असल्याने मुठीने दाबावयाचा साधा पंप पुरेसा आहे. मात्र औषधांच्या दुकानी स्वस्तात मिळणारा रबरी फुग्याचा पंप कृपा करून घेऊ नये, कारण त्याच्या ओढीवर नियंत्रण राहत नाही, आणि फुग्यात शिरलेले दूध नीट धुऊन निघत नसल्यामुळे तेथे जंतूंची वाढ होते.

खरेदीच्या वेळी बहुतेकींची नजर किमतीवर असते. माझ्या मते ती पंपाच्या फनेलच्या, म्हणजे स्तनावर बसवायच्या भागाच्या, मापावर असावी. फनेलची नळी स्तनाग्राच्या व्यासाहून किंचित रुंद हवी. अरुंद नळी घासते, तर अतिरुंद नळीत भोवतालची त्वचाही ओढली जाते. वेदना हे बहुधा चुकलेल्या मापाचे किंवा अतिरिक्त ओढीचे लक्षण असते. ती सोसत राहणे मुळीच आवश्यक नाही.

काढलेले दूध 25 अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत 4 तास आणि फ्रिजमध्ये 4 दिवस टिकते; उन्हाळ्यात ते तत्काळ फ्रिजमध्येच ठेवावे.

तथापि खरेदीपूर्वी, स्वच्छ हातांनी दूध काढण्याची रीत आरोग्यसेविकेकडून अवश्य शिकून घ्यावी. ती साधल्यास पंपाची गरज कदाचित उरणारही नाही.