छाटलेलं जुनिपर पुन्हा फुटेल का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. घरासमोरच्या उतारावर ‘ब्लू रग’ जुनिपर लावलं होतं. ते पायवाटेवर आलं म्हणून गेल्या वर्षी सपाटून छाटलं. आता तिथे नुसत्या काड्या दिसतात. खत घालावं का?

उत्तर : खताने काही होणार नाही. मेंदीचं कुंपण कुठेही कापलं तरी फुटतं, जुनिपरचं तसं नाही. त्याच्या पालवी नसलेल्या जुन्या लाकडावर सहसा नवे कोंब येत नाहीत. म्हणून कात्री हिरव्या भागातच चालवायची. लांबलेली फांदी हाताने उचला, तिच्या खालच्या बाजूला एखादी छोटी हिरवी उपफांदी शोधा आणि तिच्या सांध्याशी कापा. वरची पालवी तो काप झाकून टाकते. उघड्या काड्या मात्र काढूनच टाका.

मुळात रोपं वाटेला खेटून लावली गेली असणार. नर्सरीत हे रोप वीतभर दिसतं; उंचीला ते जेमतेम 6 इंच राहतं, पण 6 ते 8 फूट पसरतं. वाटेपासून 4 फूट तरी सोडायला हवेत.

बाकीची पालवीही फिकट, धुरकट वाटत असेल तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. ठिपके चालू लागले तर लाल कोळी आहे. पाण्याचा जोरदार फवारा मारा. ऊन किमान सहा तास हवं. पाणी साचलं तर मुळं कुजतात, पण तुमच्याकडे उतार आहे, ती काळजी नको.