वैनगंगेचा शिंपला आणि नॅनोकणांचं प्रदूषण



चंद्रपूर-गडचिरोलीत समुद्र नाही, मग सागरी शिंपल्यांचा धडा आपल्याला कशाला, असं तुम्हाला वाटेल. आधी नकाशा उघडा. चंद्रपूरजवळून वाहणारी इरई वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपल्या नाल्यात सोडलेली वस्तू समुद्राच्या वाटेला लागलेली असते.

नॅनोकण म्हणजे काय?

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. साधारण १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. आपला केसच जवळपास ८० हजार नॅनोमीटर जाड असतो! सनस्क्रीनमधलं झिंक ऑक्साइड, काही मोज्यांतली चांदी, ही त्यांची उदाहरणं. कोळसा जळतानाही असे कण तयार होतात. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅट क्षमतेचं आहे. कोळशाच्या राखेतले बहुतेक कण नॅनोकणांहून मोठे असतात, पण थोडा अंश नॅनो आकाराचाही असतो.

शिंपल्यालाच धोका जास्त का?

शिंपला अन्नामागे धावत नाही. तो पाणी आत ओढतो, कल्ल्यांवर शेवाळाचे कण अडकवतो आणि गाळलेलं पाणी बाहेर सोडतो. समुद्रातलं एक मोठं कालव दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी गाळू शकतं. सुटा नॅनोकण कल्ल्यांच्या जाळीतून सहज निसटतो. पण खाऱ्या पाण्यात हे कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि ते तळाशी बसतात. शिंपले राहतात तेही तळाशीच! मग हे गोळे अन्नाबरोबर पोटात जातात.

आत गेल्यावर काय होतं?

कण पचनग्रंथीत साठतात. पेशींवर ऑक्सिडेटिव्ह ताण येतो, रोगांशी लढणाऱ्या पेशी दुबळ्या होतात. झिंक ऑक्साइड विरघळून झिंकचे आयन सुटतात, ते पिल्लांच्या वाढीला घातक ठरतात. मात्र एक लक्षात ठेवा: प्रयोगशाळेत बऱ्याचदा निसर्गातल्यापेक्षा जास्त मात्रा वापरतात. म्हणून घाबरून जायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही.

आपल्या नदीचं काय?

सगळेच कण समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. बरेचसे धरणात आणि नदीच्या गाळात थांबतात. तिथे आपले गोड्या पाण्यातले शिंपले राहतात. त्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. म्हणजे मासे कमी झाले की शिंपलेही कमी होतात, आणि शिंपले कमी झाले की पाणी गाळणारा फुकटचा कामगार गेला!

करून पहा: नदीकाठी मोठ्या माणसांसोबत जा. दहा पावलांच्या पट्ट्यात रिकामे शिंपले किती दिसतात ते मोजून वहीत लिहा. जिवंत शिंपले उचलू नका. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजा. आकडा बदलला, तर कारणं काय असतील, यावर वर्गात चर्चा करा.