बांडगूळ

आयत्या बिळांत नागोबा होऊन बसणाऱ्या माणसास आपण मराठींत 'बांडगूळ' म्हणतों. शब्द सर्वांच्या तोंडीं आहे. पण ज्या झुडपावरून तो आला तें झुडूप निरखून पाहिलेले किती जण निघतील? गेल्या माघांत आठव्या इयत्तेच्या मुलांस घेऊन आम्ही शिर्डीहून राहात्याच्या बाजूस शिवारांत गेलों होतों. बांडगूळ म्हणजे काय, असें आम्हीं विचारतांच सर्वांनीं शब्दाचा अर्थ सांगितला. 'मग तें दाखवा पाहूं,' असें म्हटल्यावर मात्र जो तो बांधावरच्या झुडपांत शोधूं लागला. आणि तें तर त्यांच्या डोक्यावरच, कडुलिंबाच्या फांदीवर फुललेलें होतें!

जमिनीवर शोधून तें सांपडावयाचें नाहीं, कारण त्याचें मूळ मातींत नसतेंच. कडुलिंबाच्या बारीक, कातरलेल्या पानांच्या मधोमध जाड, चिवट, लांबट पानांचा वेगळाच झुबका दिसला, कीं तें बांडगूळ समजावें. आंब्यावर मात्र नजर फसते. दोहोंचीं पानें दुरून सारखीं भासतात. हिवाळ्यापासून त्यास नारिंगी-तांबड्या फुलांचे घोस येऊं लागतात. प्रत्येक फूल म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी, किंचित् वांकलेली नळी, आणि तिच्या तळाशीं गोड रस. विलायतेंत 'हनीसकल' नांवाची वेल आहे. तिच्या फुलांतील मध मुलें चोखतात. इंग्रजींत आपल्या ह्या झुडपासही 'हनीसकल मिसलटो' असें एक नांव आहे. मात्र दोघांचें कूळ एक नव्हे. शास्त्रज्ञ त्यास आज 'डेंड्रोफ्थी फाल्काटा' म्हणतात. जुन्या ग्रंथांत तें 'लोरँथस लाँजिफ्लोरस', म्हणजे लांब फुलांचें, ह्या नांवानें आढळतें.

पण खरा विचार करावयास लावणारीं नांवें अमरकोशांत आहेत. तेथें त्यास 'वृक्षरुहा' म्हटलें आहे आणि 'वृक्षादनी' असेंही म्हटलें आहे. पहिलीचा अर्थ झाडावर वाढणारी. दुसरीचा, झाड खाणारी. ह्यांपैकीं खरें नांव कोणतें, हाच त्या दिवशींचा आमचा पाठ झाला.

बांडगुळाचें मूळ आश्रय देणाऱ्या झाडाची साल भेदून आंतल्या लांकडांत शिरतें आणि तेथून पाणी व क्षार ओढून घेतें. येथवर तें चोरच. परंतु त्याचीं पानें हिरवीं आहेत. सूर्यप्रकाशांत आपलें बहुतेक अन्न तें स्वतःच तयार करतें. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरणारी अमरवेल पाहा. तिला नांव घेण्यासारखें पान नाहीं आणि ती सर्वस्वीं दुसऱ्याच्या अन्नावर जगते. आयतोबास शिवी द्यावयाची तर 'अमरवेल' ही अधिक शोभेल. आणखी एक मौज. ज्या चंदनाची उपमा आपण परोपकारी पुरुषास देतों, तो चंदनही मातीच्या आंत शेजारच्या झाडांच्या मुळांस आपलीं मुळें चिकटवून त्यांच्यांतून पाणी व क्षार घेतो. वनस्पतिशास्त्रांत चंदन व बांडगूळ एकाच गणांत येतात. एक उजेडांत घेतो, दुसरा मातीखालीं; म्हणून एकाचें नांव शिवी झालें आणि दुसऱ्याचें गंध कपाळीं लागलें.

हें सांगून आम्ही थोडे खूष झालों होतों. तेवढ्यांत बांधावर उभे राहून ऐकणारे शेताचे मालक म्हणाले, "गुरुजी, चंदनाचं राहूं द्या. माझ्या आंब्याचं काय ते सांगा." त्यांनीं दाखविलेला आंबा त्यांच्या आजोबांनीं लावलेला. त्याच्या निम्म्याहून अधिक फांद्यांवर बांडगूळ माजलें होतें, आणि जेथें तें बसलें होतें त्याच्या पुढचीं टोकें वाळून काटक्या झालीं होतीं. अमरकोशांतलें दुसरें नांव तेथें पटावें असेंच होतें. बांडगूळ आपल्या पानांवाटे पुष्कळ पाणी उडवितें. भर उन्हाळ्यांत झाड तहानलेलें असतांही त्याचें ओढणें थांबत नाहीं.

"दर वर्षीं तोडतों, बाबा, तरी येतं," असें ते एका मुलास म्हणाले. त्यांची चूक एवढीच, कीं ते नुसतें झुडूप छाटीत. त्याचीं मुळें सालीवरून पसरत जाऊन ठिकठिकाणीं आंत शिरलेलीं असतात, म्हणून तें पुन्हां फुटतें. जेथें तें चिकटलें असेल त्याच्या बरेंच खालीं मूळ फांदीच कापली पाहिजे, आणि तीही फळें पिकण्यापूर्वीं.

फळांचें महत्त्व कां, तें एका चिमुकल्या पक्ष्यामुळें. चिमणीहूनही लहान असा फुलटोच्या हीं फळें गिळतो. आंतील बी चिकट रसानें माखलेलें असतें. तें थोड्याच वेळांत त्याच्या पोटांतून बाहेर पडतें आणि फांदीस चिकटतें. फुलांचे परागही फुलटोच्या व शिंजीर हेच वाहून नेतात. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली ह्यांनीं कोंकणांत हा सगळा व्यवहार पाहून १९३१ सालीं त्यावर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत लेख लिहिला होता. 'हळदीकुंकू' हें पिवळ्या-तांबड्या ठिपक्यांचें फुलपांखरूही आपलीं अंडीं ह्याच्या पानांवर घालतें.

हें ऐकून एक मुलगी म्हणाली, "मग आंब्यावरचं काढा आणि लिंबावरचं ठेवा." मालक हंसले. "अग पोरी, लिंबावरूनच तर बी येतंय!" ह्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, व अजूनही नाहीं. आंब्याच्या चार फांद्या त्याच दिवशीं कापल्या गेल्या. कडुलिंब शेजाऱ्यांच्या हद्दींत होता, म्हणून तो तसाच राहिला.

येतांना एका मुलानें पिकलेलीं तीन फळें खिशांत आणलीं आणि एक बी वर्गाच्या खिडकीच्या चौकटीस चिकटवून ठेविलें. कांहीं दिवसांनीं त्यांतून हिरवें टोंक निघालें आणि उजेडाकडे न वळतां लांकडाकडे वांकलें. वाळक्या सागवानांत त्यास कांहींच मिळालें नाहीं. आठवड्याभरांत तें सुकलें. पण चिकटलेलें बी अद्याप नखानें निघत नाहीं.