खारावर ओतलेला शिरका

नीतिसूत्रे २५:२० यात खिन्न मनापुढे गाणी गाणाऱ्यास खारावर शिरका ओतण्याची उपमा दिली आहे. हा खार म्हणजे बंदुकीच्या दारूतील सोरा नव्हे. मिसर देशातील तळ्यांच्या काठी सापडणारा, व आपल्याकडे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरातून पूर्वी काढीत असत तसा, तो सोड्याचा खार होय.

खार मळ काढतो. शिरका हे अम्ल आहे. दोन्ही एकत्र होताच फेस उसळतो व लगेच बसतो. हे रसायनशास्त्रात समीकरणाने लिहितात. सो म्हणजे सोडियम, का म्हणजे कार्बन, हा म्हणजे हायड्रोजन, ऑ म्हणजे ऑक्सिजन. प्रथम असे मांडू:

सो२काऑ३ + का२हा४ऑ२ → सोका२हा३ऑ२ + हा२ऑ + काऑ२

आता मोजा. सोडियमचे अणू डावीकडे २, उजवीकडे १. हायड्रोजनचे डावीकडे ४, उजवीकडे ५. हा तराजू खोटा आहे, कारण अशा क्रियेत एकही अणू नाहीसा होत नाही की नवा उपजत नाही. म्हणून शिरक्यातील अम्लापुढे २ व उजवीकडील पहिल्या पदार्थापुढे २ लिहा:

सो२काऑ३ + २ का२हा४ऑ२ → २ सोका२हा३ऑ२ + हा२ऑ + काऑ२

आता दोहींकडे सोडियम २, कार्बन ५, हायड्रोजन ८, ऑक्सिजन ७. एक प्रकारचे मीठ व पाणी उरले. फेसाचा वायु उडून गेला. शिरक्याचा आंबटपणा गेला आणि खाराचे धुण्याचे बळही गेले. शास्त्रलेखाचा अर्थ हाच, की दोन्ही वाया गेली.

एक नियम विसरू नये. पदार्थाच्या नावातील अंक बदलू नयेत. बदलल्यास पदार्थच निराळा होतो. पुढे लिहिलेले माप तेवढे आपल्या हाती असते.

मुळशीकडे ऐन भातलावणीत एका घरी लेकरू वारले. मी जाताच हर्षाचे गीत म्हणू लागलो. ती माउली न बोलता उठून आत गेली. तिचे दुःख बदलावे असे मला वाटले. ते माझ्या हातचे नव्हते. मी काय व किती न्यावे, एवढेच माझ्या हाती होते. दुसऱ्या दिवशी मी गीताचे पुस्तक घरी ठेवले, तिच्या धन्याबरोबर खाचरात रोपे लावली, आणि सायंकाळी ओट्यावर मुकाट्याने बसलो. तेव्हा ती स्वतः बोलू लागली.

उपदेशक बंधूंनो, रडणाऱ्यांबरोबर रडावे असे प्रेषित पौल रोमकरांस १२:१५ यात शिकवितो. शोकाच्या घरी पाऊल टाकण्यापूर्वी आपले माप तपासा.