‘डेनिझन’ : अर्थ आणि उपयोग

एखाद्या ठिकाणी वास्तव्य करणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत अनेक शब्द आहेत. ‘रेसिडेंट’ म्हणजे तेथे राहणारा; ‘इनहॅबिटंट’ म्हणजे तेथे वस्ती करून असलेला; ‘सिटिझन’ म्हणजे राज्याचा हक्कदार घटक, नागरिक. या तिघांच्या पंक्तीत ‘डेनिझन’ हा चौथा शब्द येतो. कोशात त्याचा अर्थ ‘रहिवासी’ असा आढळतो. तो चुकीचा नाही. परंतु तेवढ्याने या शब्दाचे मर्म हाती लागत नाही.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने डेनिझन म्हणजे ‘आतला’. ‘आतून’ या अर्थाच्या ‘दे इंतुस’ या लॅटिन प्रयोगापासून जुन्या फ्रेंचमध्ये जो शब्द झाला, तो इंग्लंडच्या न्यायालयांत रूढ असलेल्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरला. त्याच्या उलट अर्थाचा ‘फॉरिन’ हा शब्द ‘बाहेर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला आहे. ‘सिटिझन’ या शब्दातील ‘झ’ हा वर्णदेखील बहुधा ‘डेनिझन’च्या अनुकरणाने आला, असे मानले जाते.

पुढे इंग्लंडच्या कायद्यात या ‘आतल्या’ माणसाला एक विशिष्ट अर्थ प्राप्त झाला. परदेशात जन्मलेल्या व्यक्तीला राजा सनद देऊन आपल्या प्रजेत सामील करून घेई. अशी व्यक्ती म्हणजे डेनिझन. १६८१ साली दुसऱ्या चार्ल्सने फ्रान्समधून पळून आलेल्या प्रॉटेस्टंट निर्वासितांना अशा सनदा विनामूल्य देऊ केल्या होत्या. सनद मिळताच परक्याला जमीन विकत घेता येई व मृत्युपत्राने ती दुसऱ्यास देता येई. मात्र वारसाहक्काने जमीन त्याच्याकडे येत नसे. सनदेनंतर जन्मलेले मूल त्याचे वारस होऊ शके, आधी जन्मलेले होऊ शकत नसे. १७०१ च्या कायद्याने तर अशा माणसाला संसदेचे व राजाच्या मंत्रणा-मंडळाचे दार बंद केले. सारांश, डेनिझन हा परका नव्हे आणि पुरता आपलाही नव्हे. तो या दोहोंच्या मधला होय.

मराठी वाचकास ही कल्पना सर्वस्वी अपरिचित नाही. पेशवाईतील गावात मिरासदार व उपरी असे दोन प्रकारचे शेतकरी असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असे. उपरी बाहेरून येऊन ठरावाने जमीन कशी, पण त्याला तसा हक्क नसे. दोन्ही समाजांच्या व्यवस्था भिन्न आहेत, हे खरे. तथापि केवळ राहणे आणि हक्काने राहणे यांतील अंतर दोन्हीकडे शब्दांतूनच व्यक्त झाले आहे.

या मधल्या स्थितीचे मोल किती असू शकते, हे अमेरिकेच्या इतिहासावरून दिसते. गुलामीतून मुक्त असलेल्या कृष्णवर्णीयांना सरकारी जमिनीवर वसाहतीचा अग्रहक्क सांगता येईल काय, असा प्रश्न १८४३ साली उपस्थित झाला. कायद्याप्रमाणे तो हक्क परकीयांना नव्हता. महान्यायवादी ह्यू लेगारे यांनी असा अभिप्राय दिला, की ही माणसे परकीय नाहीत. त्यांना डेनिझनचे अधिकार आहेत. त्यांना नागरिक म्हणण्याचे टाळूनही जमिनीचा मार्ग या एका शब्दाने मोकळा झाला. परंतु अर्धा हक्क टिकाऊ नसतो. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व साफ नाकारले. ते घटनेत निःसंदिग्धपणे येण्यास १८६८ सालची चौदावी दुरुस्ती व्हावी लागली.

कायद्याबाहेर या शब्दाचा अर्थ विस्तारत गेला. वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूएट वॉटसन यांनी एकोणिसाव्या शतकात, मूळची देशी नसल्याचा संशय असूनही देशीसारखी रुजलेली जी वनस्पती, तिला हे नाव दिले. समुद्रातील जलचर, अरण्यातील श्वापदे यांनाही इंग्रजी साहित्यात हाच शब्द लावतात. माणसांविषयी वापरला असता त्यात पुष्कळदा थोडा विनोद किंवा काव्यात्मता असते. भारतातील इंग्रजी वृत्तपत्रे मात्र शहरातील रहिवासी या साध्या अर्थाने तो सर्रास योजतात. १९९० साली स्वीडिश अभ्यासक टॉमस हॅमर यांनी जुना कायदेशीर अर्थ पुन्हा जागवला. परदेशात दीर्घकाळ कायदेशीर वास्तव्य असूनही तेथील नागरिकत्व नसलेल्यांना त्यांनी डेनिझन म्हटले.

म्हणून अनुवादात संदर्भ पाहूनच प्रतिशब्द निवडावा. वृत्तपत्रातील मजकुरात ‘रहिवासी’ पुरेसा आहे. प्राण्यांच्या वर्णनात ‘वनचर’, ‘जलचर’ अधिक शोभतील. कायद्याच्या व इतिहासाच्या ग्रंथात मात्र ‘नागरिक’ हा शब्द कटाक्षाने टाळावा आणि ‘सनदी रहिवासी’ यासारखी योजना करून अर्थ स्पष्ट करावा. उलट प्रकारही घडतो. भारतात २००५ साली अमलात आलेल्या योजनेखाली परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीस ‘ओव्हरसीज सिटिझन’ म्हणतात. तिला येथे राहता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. नावात ‘सिटिझन’ असले, तरी स्थिती डेनिझनची आहे. एखाद्याला काय म्हटले आहे, यापेक्षा त्याला काय करता येते, हे पाहिल्यावाचून अशा शब्दांचा अर्थ लागत नाही.